डू, डिड, डन: सातारा-सांगलीतल्या इंग्रजीच्या तासाचा इतिहास

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात 1914 क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे. दाखल तारीख 7 नोव्हेंबर 1900. याच शाळेचं नाव पुढे प्रतापसिंह हायस्कूल झालं आणि 7 नोव्हेंबर हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातल्या त्या पानाची छायाचित्रं वर्तमानपत्रांतून दरवर्षी छापली जातात. नाव आणि क्रमांक सगळ्यांच्या नजरेत भरतात. इयत्तेकडे मात्र फारसं कुणी थांबून पाहत नाही. ती इयत्ता होती ‘इंग्रजी पहिली’.

त्या काळी शाळेला दोन जिने होते. एक मराठीचा. तो सातवीपाशी, व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेपाशी संपायचा. ‘व्ह. फा.’ झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा, गावात पत्रं वाचून दाखवायचा आणि तिथेच थांबायचा. दुसरा जिना मराठीच्या चार इयत्तांनंतर सुरू व्हायचा. इंग्रजी पहिली, दुसरी, तिसरी असं करत इंग्रजी सातवी, म्हणजेच मॅट्रिक. मामलेदार कचेरी, रेल्वे, पोस्ट, वकिली, कॉलेज ही सगळी दारं या दुसऱ्या जिन्यावर होती. ‘मॅट्रिक पास’ ही पदवी नव्हती, तरी लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत ती मिरवली जायची. नापास झालेलाही ‘नॉन-मॅट्रिक’ म्हणवून घ्यायचा, कारण निदान त्या पायरीपर्यंत पोचल्याचा तो पुरावा होता.

या जिन्यावर मुलं कुठे अडखळत? स्पेलिंगवर अडखळत, उच्चारांवर अडखळत. पण ते पाठांतराने निभावून नेता येई. खरी कसोटी क्रियापदाशी लागे. नाम माहीत असलं की ते जसंच्या तसं वाक्यात ठेवता येतं. क्रियापद मात्र कर्ता कोण, काळ कोणता, होकार की नकार, सांगणं की विचारणं हे सगळं विचारून मगच रूप घेतं, आणि इंग्रजी क्रियापदाचे हे प्रश्न मराठी क्रियापदापेक्षा वेगळे आहेत. सातारा-सांगलीतल्या इंग्रजीच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत शाळा बदलल्या, पुस्तकं बदलली, राज्यकर्ते बदलले. ही अडचण मात्र तशीच राहिली.

सातारा आणि सांगली यांची नावं एका दमात घ्यायला कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके 1949पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि 1960मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. खुद्द सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. म्हणजे कृष्णेच्या एकाच खोऱ्यात काही गावं थेट कंपनी सरकारच्या अमलाखाली आली आणि काही संस्थानिकांकडे राहिली. इंग्रजी मात्र दोन्हीकडे पोचलं.

साताऱ्याला ते आधी पोचलं, तेही राजकारणाच्या वाटेने. 25 सप्टेंबर 1819 रोजी कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांशी तह केला. दरबार मराठीचा, तह इंग्रजीत. राज्य वंशपरंपरेने दिलं आहे की कंपनीच्या मर्जीने, राजाने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे सगळं त्या तहाच्या कलमांवर ठरणार होतं. कंपनीने 1839मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे 14 वर्षं तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सभासद, वर्तमानपत्रं, छापील निवेदनं अशा सगळ्या आघाड्यांवर त्यांनी धन्याची बाजू लावून धरली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखी माणसं त्यांच्या बाजूने उभी राहिली. तरी प्रतापसिंह 1847मध्ये काशीलाच वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं. एखाद्या वाक्यात काय लिहिलं आहे आणि ते कुणी कसं वाचायचं, यावर राज्य जाऊ शकतं, हा धडा साताऱ्याने मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून पदवीधर बाहेर पडण्याआधीच घेतला होता.

खालसा झाल्यावर कारभार कलेक्टरचा झाला आणि इंग्रजी लिहिणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली. मुंबई विद्यापीठ 1857मध्ये स्थापन झालं, पहिली मॅट्रिक 1859मध्ये झाली, आणि इलाख्यातल्या प्रत्येक हायस्कुलाचं तोंड त्या परीक्षेकडे वळलं.

वर्गात कोणती पुस्तकं होती? दोन नावं सतत येतात. एक हॉवर्डचं. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याच्या या प्रमुखाच्या नावाची इंग्रजी वाचनपुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या चालली. दुसरं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचं. पाठमालेची पद्धत सरळ होती: आधी नियम, मग थोडे शब्द, मग मराठी वाक्यांची रास इंग्रजीत करायची आणि इंग्रजी वाक्यांची रास मराठीत. एका धड्यात एकच गाठ सोडवायची, आणि ती सुटेपर्यंत वाक्यं लिहायची. ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा शब्द पुढे चेष्टेचा झाला, कारण त्या वाक्यांतली माणसं कोणत्याही संदर्भाशिवाय एकमेकांच्या बागा, टोप्या आणि घोडे यांच्याबद्दल बोलत असत. पण चेष्टा करणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच पाठमालेवर शिकलेले होते.

भिवाचे, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांचे, वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यांनी हॉवर्डची पुस्तकं आणि तर्खडकरांच्या पाठमालेचे तिन्ही भाग त्याच्याकडून घरी कसून करून घेतले. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजीच्या मुळाशी कोलंबिया आणि लंडन आहेत हे खरंच. पण त्याआधी हे घरातलं भाषांतर आहे. राज्यघटनेचं कलम 17 पाहावं. घटनेत ठिकठिकाणी ‘शॅल’ हे साहाय्यक क्रियापद येतं, अमुक केलं जाईल, तमुक असेल अशा अर्थाने. अस्पृश्यतेच्या या कलमाच्या आरंभी मात्र ‘शॅल’ नाही. तिथे वाक्य वर्तमानकाळात आहे. अस्पृश्यता पुढे कधी तरी नष्ट होईल असं ते म्हणत नाही. ती नष्ट केली आहे, असं म्हणतं. एका साहाय्यक क्रियापदाच्या नसण्याने कायद्याला आजची तारीख मिळाली. हे कलम एकट्या आंबेडकरांचं नव्हे, घटना समितीचं आहे. पण मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते.

आता वर्गातल्या अडचणीकडे. मराठी मुलाच्या इंग्रजी वाक्यातल्या चुका गोळा केल्या, तर त्यात एक शिस्त दिसते. ती चूक बहुतेक वेळा शुद्ध मराठी असते.

पहिली गोष्ट जागेची. मराठीत क्रियापद शेवटी बसतं. वाक्य ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो, कारण होकार की नकार हेही शेवटीच कळतं. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येतं आणि कर्म नंतर. मास्तर फळ्यावर ‘कर्ता, क्रियापद, कर्म’ असा क्रम लिहीत आणि मुलं तो मंत्रासारखा म्हणत. ही गाठ तुलनेने लवकर सुटते.

दुसरी गाठ ‘आहे’ची. ‘मी शिक्षक आहे’, ‘मला ताप आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मी जातो आहे’. पाच वाक्यं आणि एकच ‘असणे’. इंग्रजीत पहिल्या आणि पाचव्या वाक्यात ‘अ‍ॅम’ लागतं, मधल्या तिन्हींत ‘हॅव’. मराठीत मालकी सांगणारं ‘हॅव’सारखं वेगळं क्रियापदच नाही, वस्तू माणसाजवळ असते, भाऊ माणसाला असतात, ताप माणसाला येतो. म्हणून ‘हॅव’ शिकवल्यावरही मुलाचा हात ‘आहे’कडे वळतो आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असं दोन्ही क्रियापदांना मान देणारं वाक्य तयार होतं. ‘मला समजतंय’, ‘मला वाटतंय’ ही मराठीत रोजची वाक्यं आहेत; त्यांच्या पोटातून ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ येतं. इंग्रजीत समजणं, असणं, माहीत असणं ही चालू काळात सहसा न जाणारी क्रियापदं आहेत. मराठीत तसं बंधन नाही.

तिसरी गाठ भूतकाळाची. ‘मी काल जेवलो’ आणि ‘मी आत्ताच जेवलो’ यांत मराठी ‘जेवलो’ बदलत नाही. इंग्रजी काल आणि आत्ता यांच्यासाठी वेगळी रूपं मागतं. उलट मराठी माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना ‘आलोच!’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, क्रिया अजून व्हायची आहे. अशा भाषेत वाढलेल्या मुलाला ‘पास्ट टेन्स म्हणजे होऊन गेलेलं’ असं सांगितलं, की व्याख्या पाठ होते, पण ती त्याच्या कानाला पटलेली नसते.

चौथी आणि सगळ्यांत चिवट गाठ ‘डू’ची. या एका क्रियापदाने जितके लाल शेरे कमावले तितके दुसऱ्या कुणी कमावले नसतील. ‘डू’ दोन कामं करतं. एक काम स्वतःचं, म्हणजे करणे. दुसरं नोकरीचं: प्रश्न विचारायचा किंवा नकार द्यायचा, की मूळ क्रियापदाच्या पुढे येऊन काळ आणि पुरुष यांचं ओझं उचलायचं. ‘ही वेंट’चा नकार ‘ही डिड नॉट गो’. ‘डिड’ने भूतकाळ उचलला, म्हणून ‘गो’ मोकळं झालं. मुलं लिहितात ‘ही डिड नॉट वेंट’. का? कारण मराठीत ‘तो गेला’चा नकार ‘तो गेला नाही’ असा होतो. ‘गेला’ जागचं हलत नाही. मुलाने मराठीशी इमान राखलेलं असतं.

गंमत अशी की वर्तमानकाळात मराठी स्वतः इंग्रजीसारखंच वागते. ‘तो जातो’चा नकार ‘तो जात नाही’. ‘ते जात नाहीत’, ‘तू जात नाहीस’. इथे ‘जात’ मोकळं उभं आहे, लिंग-वचनाचं ओझं टाकून. आणि पुरुष, वचन सगळं ‘नाही’च्या शेपटीला लागलं आहे. ‘डझ नॉट गो’मध्ये हेच घडतं. म्हणजे ज्या मुलाला ‘जात नाहीत’ हे रूप जन्मापासून येतं, त्याला ‘डू’चं तत्त्व आधीच येत असतं. त्याला फक्त एवढंच सांगायचं की इंग्रजीने ही सोय भूतकाळातही चालवली, मराठीने चालवली नाही.

खुद्द इंग्रजीनेही ती फार जुन्या काळापासून चालवलेली नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’ घेऊन केलेले प्रश्न आणि ‘डू’शिवाय केलेले प्रश्न शेजारी शेजारी सापडतात. 1611च्या इंग्रजी बायबलात ‘मी जाणत नाही’ हे ‘डू’शिवायच म्हटलेलं ठिकठिकाणी आढळतं. पुढच्या शे-दीडशे वर्षांत हा वापर सक्तीचा झाला. साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते त्या सुमारास इंग्लंडात हा नियम नुकता स्थिरावत होता.

‘करणे’ या अर्थाच्या ‘डू’चीही कटकट आहेच. मराठीत अभ्यास करतात, चूक करतात, आंघोळ करतात, फोन करतात, भाषण करतात, लग्नही करतात. इंग्रजीत अभ्यासाला ‘डू’ चालतं, चुकीला ‘मेक’ लागतं, आंघोळीला ‘टेक’ किंवा ‘हॅव’, आणि लग्नाला व फोनला ‘करणे’ लागतच नाही. परीक्षा मराठीत देतात. इंग्रजीत ती घेणारा विद्यार्थी असतो. इथे नियम चालत नाही, सवय लागते, आणि सवय भरपूर वाचण्या-लिहिण्याने येते.

पारिभाषिक शब्दांनी या गोंधळात आणखी भर घातली. मराठी व्याकरणाचा आजचा साचा बऱ्याच अंशी दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली छापलेल्या व्याकरणापासून सुरू होतो. पाठमालेचे तर्खडकर वेगळे. दादोबांच्या परंपरेत ‘रामाने पोळी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पोळीप्रमाणे चालतं. पण इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस’लाही मास्तर कर्मणीच म्हणत. मग ‘रामाने पोळी खाल्ली’ याचं साधं इंग्रजी ‘पॅसिव्ह’ कसं नाही, हा प्रश्न हुशार मुलाला पडायचा आणि त्याला छडीचं उत्तर मिळायचं.

या दोन व्याकरणांचा सांधा नीट तपासणारा एक माणूस कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा होता. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म 1856 सालचा. कऱ्हाडला शिकताना गरिबीमुळे कचेरीत उमेदवारी, दवाखान्यात औषधं करण्याचं काम, असं काय काय त्यांनी केलं; पुढे अकोल्याहून मॅट्रिक झाले आणि डेक्कन कॉलेजातून एम. ए. आगरकर म्हटलं की सुधारक आठवतात, डोंगरीच्या तुरुंगातले दिवस आठवतात. त्यांनी 1888मध्ये ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे व्याकरणाचं पुस्तक लिहिलं होतं, हे कमी जणांना ठाऊक असतं. तोवरची मराठी व्याकरणं मुख्यतः शब्दांची होती: नाम, सर्वनाम, विभक्ती, धातू. आगरकरांनी आख्खं वाक्य टेबलावर घेतलं. उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, मुख्य वाक्य कोणतं आणि त्याच्या आधाराने जगणारं गौण वाक्य कोणतं, हे इंग्रजी शाळांत चालणारं पृथक्करण त्यांनी मराठी वाक्यांना लावून पाहिलं. आज मराठीच्या तासाला केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्य शिकवतात, त्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा आहे.

त्याच वर्षी ‘सुधारक’ निघाला. तो दोन भाषांत होता: मराठी बाजू आगरकरांची, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची. एकाच अंकात एकच विचार दोन वाक्यरचनांतून मांडणारा हा उद्योग ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याने त्याच सुमारास वाक्याची मीमांसा करावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. त्याआधीही इंग्रजीने मराठी वाक्याला हात लावला होताच. मेजर थॉमस कँडी यांनी 1850मध्ये विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून स्वल्पविराम, अर्धविराम मराठीत रुजवायला हातभार लावला.

सातारा जिल्ह्यातच एक दुसरी वाट होती, आणि ती भाषांतरातून जात नव्हती. पाचगणीला 1895मध्ये सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट आणि 1898मध्ये किमिन्स हायस्कूल सुरू झालं. पुढे तिथे निवासी शाळांची रांगच लागली. तिथल्या मुलाला ‘डिड नॉट गो’ शिकवावं लागत नसे. जेवणाच्या टेबलावर, मैदानावर, शिक्षा भोगताना ते त्याच्या कानावर पडे. खाली वाईत आणि साताऱ्यात मूल तेच वाक्य नियम पाठ करून, कागदावर खोडून, पुन्हा लिहून मिळवत होतं. पसरणीच्या एका घाटाच्या वर आणि खाली इंग्रजी शिकण्याच्या दोन दुनिया होत्या. वरची दुनिया महाग होती. बहुसंख्यांच्या वाट्याला खालचीच आली, म्हणून इतिहास तिचा सांगायचा.

साताऱ्यात 1899मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919मध्ये विलिंग्डन कॉलेज काढलं आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना पदवीसाठी पुणं गाठायची सक्ती उरली नाही. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर 1913मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा पुढे शिकायला त्यांना फर्ग्युसनला जावं लागलं होतं. त्यांनीच पुढे शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये 1920 ते 1938 शिक्षकी केली. शाळेच्या नावातच ‘इंग्लिश’ असावं, हा त्या काळचा रिवाज होता. ते नाव पालकांना दिलेलं वचन होतं.

विलिंग्डनचे एक प्राचार्य विनायक कृष्ण गोकाक. कन्नडचे मोठे कवी, पुढे ज्ञानपीठाचे मानकरी, आणि पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक, ऑक्सफर्डला शिकलेले. सांगलीनंतर बऱ्याच वर्षांनी ते हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. देशभरात इंग्रजी कसं शिकवावं याचा विचार करण्यासाठी ही संस्था 1958मध्ये स्थापन झाली होती. त्या काळात रचनापद्धतीचा बोलबाला होता: व्याकरणाचे नियम आणि भाषांतर बाजूला ठेवा, वाक्याचे साचे घ्या, सोप्याकडून कठिणाकडे क्रमाने लावा आणि कृतीसह तोंडी घोटून घ्या. मास्तर दाराकडे चालत जायचे आणि चालता चालता ‘आय अ‍ॅम वॉकिंग टु द डोअर’ म्हणायचे. मराठीचा शब्द उच्चारायचा नाही, हा आदर्श. खेड्यातल्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात मास्तर दारापर्यंत जाऊन परत येईतो मागच्या बाकावर वेगळीच क्रिया चालू झालेली असे.

या खेड्यातल्या मुलांना वर्गापर्यंत आणण्याचं काम मात्र वेगळ्याच माणसाने केलं होतं. भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला हलवलं. भाऊराव स्वतः मॅट्रिक नव्हते. तरुणपणी साताऱ्यात शिकवण्या घेत, म्हणून लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजी तिथे येऊन गेले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. 1940मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं: फी नाही, श्रम करायचे आणि शिकायचं. 1947मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आलं.

ज्या घरात आधी कुणी इंग्रजी पहिलीची पायरी चढलं नव्हतं, त्या घरातली मुलं आता मॅट्रिकला बसू लागली. त्यांना घरी शिकवणारे रामजी सुभेदार नव्हते. सकाळी शेतात काम, दुपारी वर्ग, रात्री कंदिलाभोवती बसून घोकंपट्टी: गो-वेंट-गॉन, कम-केम-कम, डू-डिड-डन. या मुलांमधून बॅरिस्टर पी. जी. पाटील झाले. वसतिगृहात वाढलेला हा विद्यार्थी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर होऊन आला, शिवाजी कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला, पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि त्याने महात्मा फुल्यांचं लेखन इंग्रजीत आणलं. जोतीरावांचं खडं मराठी, त्यातली लांबलचक, श्वास न घेणारी वाक्यं इंग्रजी क्रियापदांवर पेलणं हे तर्खडकरांच्या कोणत्याही धड्यापेक्षा अवघड भाषांतर होतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण हेलकावे खात राहिलं. मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकललं गेलं. पुढे ते पाचवीवर आलं आणि ‘पाचवीपासून इंग्रजी’ शिकलेल्या पिढ्या घडल्या. 2000मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झालं. आता गावोगावी सेमी-इंग्रजीच्या तुकड्या आहेत. दहावीच्या पेपरात ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ या मथळ्याखाली वाक्याला ‘क्वेश्चन टॅग’ जोडायला सांगतात, म्हणजे पुन्हा ‘डू, डझ, डिड’पैकी नेमकं कोणतं, हेच विचारतात. एका गुणाचा प्रश्न असतो, आणि तो अजूनही चुकतो.

दरम्यान बोलण्यात उलटी गंगा वाहते आहे. साताऱ्याच्या स्टँडवर किंवा सांगलीच्या मारुती चौकात कान दिला, तर ‘ट्राय कर’, ‘अ‍ॅडजस्ट करा की’, ‘कॅन्सल झालं’, ‘एन्जॉय केलं’ अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात. या वाक्यांत इंग्रजी क्रियापदाला काळ नाही, पुरुष नाही. ते ‘गो’सारखं मोकळं उभं राहतं आणि ओझं ‘करणे’ किंवा ‘होणे’ उचलतं. इंग्रजीत ‘डू’ जे नोकरीचं काम करतं, तेच इथे मराठी ‘कर’ करतो आहे.

भाषांतरपद्धतीवर टीका झाली ती योग्यच होती. तिने बोलायला शिकवलं नाही, कानाला काही दिलं नाही, आणि ज्यांच्याकडे पाठांतराची ताकद नव्हती त्यांना मागे टाकलं. पण तिच्यात एक गोष्ट होती जी नंतरच्या पद्धतींनी घाईने टाकून दिली: ती मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य एकाच पानावर आणायची. दोन क्रियापदं समोरासमोर आली की चूक कुठून येते हे मास्तरांनाही दिसायचं आणि मुलालाही. आजच्या पहिलीपासूनच्या इंग्रजीत गाणी आहेत, चित्रं आहेत, संवाद आहेत, आणि ते चांगलंच आहे. लेखी वाक्याकडे वळताना मात्र शिक्षकाने ‘गेला नाही’ आणि ‘डिड नॉट गो’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहावं, ‘जात नाहीत’मधला मदतनीस मुलांकडूनच शोधून घ्यावा, आणि ‘वेंट’खाली लाल रेघ ओढण्याआधी ती चूक मराठीच्या कोणत्या नियमातून आली हे वर्गाला विचारावं. त्यासाठी नवं पुस्तक लागत नाही, संगणक लागत नाही. दोन्ही भाषांचं व्याकरण येणारा शिक्षक लागतो, आणि दोन्ही विषय वेगवेगळ्या तासांना शिकवणाऱ्या शाळांनी त्या दोन शिक्षकांना निदान महिन्यातून एकदा एका वर्गात उभं करायला हवं.